जुनी इंजिन-हत्यारे : ओळखायची कशी, भाव लावायचा कसा

इंदुरात एखादे जुने गॅरेज बंद होते तेव्हा हत्यारांच्या पेटीला दोनच वाटा असतात. एक तर ती ओळखीच्या मिस्त्रीकडे जाते, नाही तर अटाल्यात, म्हणजे भंगारात. अटाल्यात काटा लागतो आणि पाने, पुलर, मायक्रोमीटर असे सगळे लोखंडाच्या एकाच भावाने तोलले जाते. पेटीच्या तळाशी व्हॉल्व्ह सीट कटरचा (व्हॉल्व्हची बैठक कापायच्या हत्याराचा) पूर्ण सेट असेल, तर तो किलोवर देणे म्हणजे सरळ नुकसान. उलट्या बाजूनेही लोक फसतात. ‘वेस्ट जर्मनी’ एवढे दोन शब्द वाचून महागात घेतलेल्या पुलरचा एक पाय वाकडा निघतो आणि तो फडताळात पडून राहतो.

हा लेख दोन्ही बाजूंच्या नवख्यांसाठी आहे : ज्यांच्या हाती काका-मामांची पेटी आली आहे ते, आणि जे लोहामंडी किंवा ट्रान्सपोर्ट नगरच्या बाजूला जुनी हत्यारे शोधत फिरतात ते. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. जुन्या हत्याराची किंमत त्याच्या वयावरून ठरत नाही, चकाकीवरून तर नाहीच. ते आज कोणत्या चालू इंजिनाला लागते आणि त्याचे सगळे भाग जागेवर आहेत का, या दोन उत्तरांत जवळजवळ सगळा भाव येतो.

आधी काय जवळ हवे

१५० मिमीचा व्हर्नियर, मेट्रिक आणि व्हिटवर्थ (जुनी ब्रिटिश इंची पद्धत) अशा दोन्ही पात्यांचे थ्रेड गेज (आटे मोजायचे), चांगला टॉर्च, भिंग, सपाट जाड काचेचा वीतभर तुकडा, एक नवी बारीक कानस, पितळी ब्रश, थोडे रॉकेल, खडू आणि वही. काचेचा तुकडा सरळपणा तपासायला लागतो. कानस कडकपणा तपासायला. हे सगळे एका पिशवीत मावते. बाजारात जाताना बरोबर ठेवा.

पायरी १ : पेटी उपसा, पण घासू नका

पहिल्या दिवशी सफाई करायची नाही. गंजाखालचे ठसे, जुन्या रंगाच्या खुणा, कागदी लेबल हेच ओळखीचे पुरावे असतात आणि वायर ब्रशच्या दोन फेऱ्यांत ते जातात. जुने वर्तमानपत्र पसरून सगळे त्यावर मांडा : मापायची हत्यारे एकीकडे, कापणारी (रिमर, कटर, सिलिंडर आतून घासायचा होन) दुसरीकडे, ओढणारी-दाबणारी (पुलर, स्प्रिंग कॉम्प्रेसर) तिसरीकडे, पाने आणि गोट्या (सॉकेट) चौथीकडे.

पेटीच्या तळाशी उरलेल्या बारीकसारीक पिना, वॉशर, टोकाला गोल केलेल्या छोट्या काड्या फेकू नका. त्या काड्या बोअर गेजच्या, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायच्या हत्याराच्या असतात. त्यांच्याशिवाय गेज म्हणजे नुसते घड्याळ. तसेच निमुळत्या गुळगुळीत दांड्या दिसल्या तर त्या बहुधा सीट कटरचे पायलट असतात, म्हणजे व्हॉल्व्हच्या गाईडमध्ये बसून कटरला सरळ धरणाऱ्या दांड्या. लोक त्या पंच समजून हातोड्याखाली घालतात, आणि एकदा डोके ठोकले की पायलट संपला.

पायरी २ : ठसे वाचा

हत्यारावर चार प्रकारची अक्षरे सापडतात : बनवणाऱ्याचे नाव, माप, देश आणि नंबर. नाव कळले तर चांगलेच, पण देश आणि नंबर जास्त बोलतात.

‘वेस्ट जर्मनी’ लिहिले असेल तर हत्यार १९४९ ते १९९० या काळातले. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९२ किंवा त्याआधीचे. जावाच्या आणि झेटर ट्रॅक्टरच्या जोडीने अशी हत्यारे इकडे आली. इंग्लिश हत्यारांवर टोक वर केलेला तीन रेघांचा बाण दिसला तर ते सरकारी, बहुतेक लष्करी भांडारातले; बाणाशेजारी अनेकदा साल असते. महूची लष्करी छावणी जवळ असल्याने असा बाण इथे दिसला तर नवल नाही. मात्र त्यावर रेल्वेची किंवा एखाद्या सरकारी वर्कशॉपची अलीकडची खूण असेल तर लिलावाची पावती मागा. पावती नसेल तर हत्यार कितीही चांगले असो, सोडून द्या.

नंबर सर्वांत महत्त्वाचा. खास एका इंजिनासाठी बनवलेल्या हत्यारावर अनेकदा कंपनीचा नाव-शिक्का नसतो, फक्त नंबर असतो. ‘१८ जी’ने सुरू होणारा नंबर म्हणजे बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) सर्व्हिस टूल. ॲम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे इंजिन बीएमसीच्या ‘बी’ मालिकेतले, म्हणून ‘१८ जी’मधली बी मालिकेची हत्यारे तिला थेट लागतात. लांब नंबराच्या मधल्या गटात ‘५८९’ असेल तर ते मर्सिडीजचे खास हत्यार. टाटाने १९५४ ते १९६९ मर्सिडीजबरोबर ट्रक बनवले, त्या मार्गाने ही आली. ‘ईएफईपी’ आणि ‘केडीईपी’ ही बॉशची अक्षरे आहेत. डिझेल पंप-नोझलच्या कामाची. बेंगळुरूच्या मायकोच्या नावाबरोबरही ती सापडतात.

नावांपैकी किंग डिक, ब्रिटूल, मूर अँड राइट, चर्चिल ही इंग्लिश, हॅझेट, गेडोरे, स्टालविले ही जर्मन, स्नॅप-ऑन आणि स्टॅरेट अमेरिकन, बाहको स्वीडिश, मितुतोयो जपानी. भारतीयांत गेडोरे टूल्स इंडिया, जी पुढे झालानी झाली, तिचे आणि टपारियाचे जुने पाने आजही दणकट वाटतात. नाव खोडलेले किंवा ग्राइंडरने घासलेले दिसले तर भाव लगेच खाली आणा. ठसा पोलादात खोल उठलेला हवा. वरवरचा, वाकडा, अक्षरे कमी-जास्त उंचीची असली की नक्कल समजा. शब्दांच्या स्पेलिंगवरही नजर टाका. नक्कल करणारे तिथेच चुकतात.

पायरी ३ : मापाची पद्धत ओळखा

इथे नवखे सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून सावकाश घ्या.

व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा तोंडाचे माप नसतो. तो बोल्टच्या दांड्याचा व्यास असतो. म्हणून १/४ डब्ल्यूच्या पान्याचे तोंड पाव इंच नसून ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिमी असते. व्हर्नियर लावून हे आकडे जुळवा :

३/१६ डब्ल्यू : ११.३ मिमी
१/४ डब्ल्यू : १३.३ मिमी
५/१६ डब्ल्यू : १५.२ मिमी
३/८ डब्ल्यू : १८.० मिमी
७/१६ डब्ल्यू : २०.८ मिमी
१/२ डब्ल्यू : २३.४ मिमी

हे नटाचे माप. पान्याचे तोंड त्याहून किंचित मोठे असते. बीएसएफचा (ब्रिटिश बारीक आट्यांचा) नट त्याच व्यासाच्या व्हिटवर्थपेक्षा एक नंबर लहान, म्हणून एकाच तोंडावर ‘१/४ डब्ल्यू’ आणि ‘५/१६ बीएस’ असे दोन आकडे दिसतात. शिवाय दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने पोलाद वाचवायला व्हिटवर्थ नटाचे डोकेच एक नंबर लहान केले, त्यामुळे जुन्या आणि नंतरच्या पान्यांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आकड्यावर विसंबू नका, तोंड मोजा.

‘एएफ’ लिहिलेल्या पान्यावर मात्र सरळ तोंडाचे माप इंचात असते : १/२ एएफ म्हणजे १२.७ मिमी, ९/१६ म्हणजे १४.३, ३/४ म्हणजे १९.०५. ‘बीए’ ही बारीक स्क्रूंची मालिका आणि तिच्यात आकडा वाढेल तसे माप घटते : ० बीए १०.५ मिमी, २ बीए ८.२, ४ बीए ६.३. जुन्या लुकस मॅग्नेटो-डायनॅमोवर ती लागते.

आता कोणत्या गाडीला काय. ॲम्बॅसेडर आणि विलीज वंशातली जीप : एएफ. फियाट-पद्मिनी, जावा-येझदी, टाटा-मर्सिडीज, झेटर ट्रॅक्टर : मेट्रिक. जुनी बुलेट आणि विहिरीवरची लिस्टर पद्धतीची ६५० फेऱ्यांची मोठ्या चाकाची इंजिने : ब्रिटिश मापे. माळव्यात ही संथ इंजिने अजून खेड्यांत आहेत आणि बुलेटवाले तर शहरभर आहेत. म्हणून चांगल्या व्हिटवर्थ रिंग पान्यांना इथे गिऱ्हाईक मिळते. १/४ डब्ल्यूच्या नटावर १३चा पाना चढत नाही आणि १४चा चढवला तर नटाचे कोपरे गोल होतात. एकदा हा त्रास भोगलेला माणूस योग्य पान्याचे पैसे देतो.

पाना तपासताना तोंडाचे माप दोन ठिकाणी घ्या : आत घशाशी आणि बाहेर टोकाशी. टोकाशी पाव मिमी जास्त भरले तर तोंड फाकले आहे. असा पाना संग्रहाला चालेल, कामाला नाही. पान्याचा एखादा भाग निळसर-जांभळा दिसला तर त्याला गॅसची आच लागली आहे. सुमारे ३०० अंशांवर पोलादावर निळा रंग चढतो आणि पाणी (कडकपणा) उतरते. खात्रीसाठी कडेला कानस हलकेच ओढा : कडक पोलादावर ती घसरते, नरमावर चावते. वेल्डिंग करून लांब केलेले किंवा वाकवलेले पाने ‘जुगाड’ म्हणून कामाचे असतील, पण भाव भंगाराचाच.

पायरी ४ : मापायची हत्यारे

पेटीतला खरा पैसा बहुधा इथे असतो, आणि फसवणूकही इथेच.

मायक्रोमीटरवर आधी लघुतम माप पाहा : ०.०१ मिमी की ०.००१ इंच. इंचाचा मायक्रोमीटर टाकाऊ समजू नका. ॲम्बॅसेडर आणि जीपच्या क्रँकचे अंडरसाइझ (घासून कमी केलेली मापे) ०.०१०, ०.०२०, ०.०३० इंच असेच चालतात, त्यामुळे क्रँक घासणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. दोन्ही टोके मऊ कापडाने पुसा, रॅचेटने हलकेच मिटवा, शून्य जुळते का पाहा. शून्य थोडे सरकलेले असेल तर छोट्या हुक पान्याने लावता येते, त्याने भाव पडत नाही. पण शून्य जुळून मधल्या मापात चूक येत असेल तर आतला स्क्रू झिजला आहे, आणि तो दुरुस्त होत नाही.

मधले माप तपासायला महाग गेज ब्लॉक नसले तरी चालते. नामांकित कंपनीचे नवे बेअरिंग घ्या. ६२०४चा बाहेरचा व्यास ४७ मिमी, ६२०३चा ४०; नव्या बेअरिंगमध्ये हा व्यास ४७ला फार तर ०.०११ मिमीने कमी असतो. २५–५० मिमीच्या मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. चूक ०.०२च्या पुढे गेली तर कामाचा नाही. बेअरिंगची रुंदी मात्र मोजू नका. तिथे कारखाना दशांश मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेतो, आणि चांगला मायक्रोमीटर उगाच बदनाम होतो. २५–५० आणि त्याहून मोठ्या मायक्रोमीटरच्या खोक्यात शून्य लावायची दांडी असते. ती हरवली असेल तर भाव कमी करा.

डायल बोअर गेजमध्ये श्रेणी पाहा. १८–३५, ३५–६० आणि ५०–१६० या साधारण श्रेण्या. इथल्या कामाला शेवटची सर्वांत उपयोगी : फियाटचा बोअर ६८ मिमी, बुलेट ३५०चा ७०, ॲम्बॅसेडरचा सुमारे ७३, किर्लोस्कर एव्ही-१चा ८०, लिस्टर ६/१चा ११४.३. सगळे एकाच गेजमध्ये बसतात. चेतक स्कूटरचा ५७ मिमीचा बोअर ३५–६० मध्येही येतो. गेजसोबतच्या काड्या आणि वॉशर क्रमाने लावून कुठली मापे भरता येत नाहीत ते लिहा. डायलची सुई दाबून सोडली की प्रत्येक वेळी त्याच रेघेवर परतली पाहिजे. दहा वेळा करा. एकदाही अडखळली तर आत घाण किंवा वाकलेला दात आहे. डायल बदलून मिळतो. खालच्या डोक्यातली कळ झिजली असेल तर गेज गेला. तपासायला ६२१४ बेअरिंग चांगले, त्याचा आतला व्यास बरोबर ७० मिमी.

फीलर गेजला किंमत थोडी, पण सेटमध्ये ०.०१५ इंचाचे पान शाबूत आहे का पाहा. ॲम्बॅसेडरची टॅपेट त्यानेच लावतात, म्हणून तेच पान सर्वांत आधी झिजते किंवा दुमडते. पानावर छापलेला आकडा आणि मायक्रोमीटरचा आकडा जुळला पाहिजे.

पायरी ५ : व्हॉल्व्ह आणि सिलिंडरची हत्यारे

सीट कटरचा सेट पूर्ण म्हणजे काय? हँडल, ४५ अंशांचा कटर, ३० आणि ६०–७५च्या घरातले अरुंद करणारे कटर, आणि गाईडच्या मापाचे पायलट. पायलट काचेवर हलकेच लोळवा. मध्ये उजेडाची फट उघडझाप करत दिसली तर तो वाकडा आहे. वाकड्या पायलटवर कापलेली सीट एका बाजूला खोल जाते, मग व्हॉल्व्ह कितीही पेस्ट लावून घासा, गळतोच. कटरच्या दातांवर भिंग धरा. कार्बाइड पात्याचा कोपरा उडाला असेल तर सीटवर लाटा उठतात. पाती बदलता येणारा कटर असेल तर पात्यांचा आजचा भाव विचारून मगच बोला.

स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन जातींचे. मोठ्या सी-आकाराच्या चौकटीचा, डोक्यावरच्या व्हॉल्व्हसाठी. आणि दोन काट्यांचा उचलणारा, ब्लॉकमधल्या बाजूच्या व्हॉल्व्हसाठी. दुसरा आता दुर्मीळ आहे. पहिल्या जीपचे इंजिन पूर्ण साइड व्हॉल्व्हचे होते. नंतरच्या एफ-हेड इंजिनात इनटेक वर आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे तिथे दोन्ही जातीचे कॉम्प्रेसर लागतात. जीपवाल्या गिऱ्हाइकाला काट्याचा कॉम्प्रेसर दाखवा, तो भाव फारसा घासणार नाही. तपासणी सोपी : स्क्रूचे आटे, चौकट तिरपी होते का, आणि कपाची कड फाटली आहे का. कप घसरला तर स्प्रिंग तोंडावर उडते. संशय असेल तर घेऊ नका.

रिंग कॉम्प्रेसरचा पट्टा आतून बोटाने चाचपा. एक खळगा पुरे. पिस्टन आत ठोकताना रिंग त्यात अडकून तुटते आणि कळते ती इंजिन सुरू झाल्यावर. होनमध्ये दगड किती उरले आणि तिन्ही हात सारखे उघडतात का ते बघा. वरची कड काढायचा रिज रीमर आता कमी लोक वापरतात, त्यामुळे बाजार थंड आहे.

ॲडजस्टेबल रीमरवर थोडे थांबा. स्मॉल एंड बुश आणि किंगपिन बुश अजूनही त्यानेच उतरवतात. सहा पाती उतरत्या खाचेत बसलेली, वर-खाली दोन नट. नट सैल करून पाती एकदा पूर्ण वर, एकदा पूर्ण खाली सरकवा. सगळ्या पात्यांची टोके एका रेषेत आली पाहिजेत. एक पाते वेगळ्या लांबीचे असेल तर ते दुसऱ्या रीमरमधले आहे आणि भोक गोल येणार नाही. कडा उडालेल्या दिसल्या तर कोणी तरी तो उलटा फिरवला आहे. रीमर काढतानाही सुलटाच फिरवत काढायचा असतो.

पायरी ६ : पुलर, टॉर्क, डिझेल

पुलरचे तिन्ही पाय एकाच जन्माचे आहेत का ते काचेवर शेजारी शेजारी ठेवून पाहा. मधल्या स्क्रूचे टोक फुलले असेल तर लेथवर नीट होते. आटे ओढले असतील तर नाही. मॅग्नेटो-फ्लायव्हीलचे पुलर दिसायला क्षुल्लक, एक बुश आणि एक बोल्ट. पण त्यांच्यावर थ्रेड गेज जरूर लावा, व्यास आणि पिच दोन्ही लिहा, आटे डावे की उजवे तेही. नुसता ‘स्कूटरचा पुलर’ कोणी घेत नाही. थ्रेड कळला की नेमके गिऱ्हाईक सापडते.

टॉर्क रेंच दोन प्रकारचे : लवचीक दांडी आणि काट्याचा, आणि ‘टक्’ आवाजाचा. पहिल्याचा काटा शून्यावर असला की बहुतेक काम झाले. दुसरा जर वर्षानुवर्षे ताणून ठेवला असेल तर स्प्रिंग बसलेली असते. घरी अशी परीक्षा होते : चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरून रेंच आडवा करा, टोकाच्या मध्यापासून ५० सेंमीवर खूण करा, तिथे तोलून घेतलेले १० किलो वजन लटकवा. हे ५ किग्रॅ-मीटर, म्हणजे सुमारे ३६ पौंड-फूट किंवा ४९ न्यूटन-मीटर झाले. रेंचचे स्वतःचे वजनही खाली ओढते. एक किलोच्या रेंचचा तोल २५ सेंमीवर असेल तर पाव किग्रॅ-मीटर मिळवा. चार-पाच टक्क्यांच्या आत ‘टक्’ झाले तर चांगला. त्याहून दूर असेल तर कॅलिब्रेशनचा खर्च भावातून वजा करा. टॉर्क रेंचने नट सोडवायची सवय असलेल्या गॅरेजमधला रेंच डोळे झाकून घेऊ नका.

नोझल टेस्टर (डिझेल नोझलचा दाब आणि फवारा तपासायचा हातपंप) मिळाला तर तो या पेटीतला राजा. नळी बंद करून दांडा मारा, दाब चढवून थांबा. गेजचा काटा सरसर उतरला तर पंपाचा प्लंजर किंवा व्हॉल्व्ह गळतो. दाब सोडल्यावर काटा शून्यावर आला पाहिजे. एक सूचना पाठ करा : फवाऱ्यासमोर हात कधीही न्यायचा नाही. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. तसे झालेच तर घरी वाट न पाहता थेट मोठ्या दवाखान्यात जा.

पायरी ७ : भाव

दोन रेघा मारा. खालची रेघ म्हणजे त्या दिवशीचा भंगारभाव गुणिले वजन. वरची रेघ म्हणजे तशाच नव्या हत्याराचा भाव. तो सियागंजच्या दोन-तीन हार्डवेअर दुकानांत विचारा. खरा भाव या दोन रेघांत कुठे तरी असतो.

आमचा ठोकताळा असा. चांगल्या नावाचे, पूर्ण, सरळ, आजही नवे मिळणारे हत्यार नव्याच्या निम्म्याच्या आसपास. बाजारात मिळणारा भाग हरवला असेल तर त्या भागाची किंमत आणि तो शोधायच्या त्रासाचे काही वजा करा. न मिळणारा भाग हरवला असेल तर खालच्या रेघेजवळ जा. आणि जे आता कोणी बनवत नाही, पण ज्याचे इंजिन माळव्यात अजून धावते, ते वरची रेघ ओलांडू शकते. साइड व्हॉल्व्हचा कॉम्प्रेसर, बी मालिकेची ‘१८ जी’ हत्यारे, जुन्या बुलेटचे पुलर ही त्यातली.

उदाहरणादाखल, समजा नवा बोअर गेज ४००० रुपयांना मिळतो. जुना सरळ आहे, सुई नीट परतते, म्हणून २००० पासून सुरू करा. दोन काड्या नाहीत. लेथवाल्याकडून करून आणि घासून घ्यायला ४०० धरा. लाकडी खोके नाही, १०० कमी. १५०० रुपये हा रास्त भाव. विकणारा १८०० म्हणत असेल तर हुज्जत घाला. ३५०० म्हणत असेल तर नवाच घ्या.

संग्रह करणारे वेगळा विचार करतात. त्यांना मूळ कापडी गुंडाळी, खोके, एकाच नावाचा पूर्ण सेट हवा असतो. सुट्या पान्याला ते फार देत नाहीत. म्हणून सेट फोडून विकू नका, निदान पूर्ण सेटचे गिऱ्हाईक शोधून झाल्याशिवाय.

सफाई आणि साठवण

रॉकेल, पितळी ब्रश, जुने सुती कापड एवढ्यात बहुतेक काम होते. गंज जाड असेल तर पाना, पुलर अशा साध्या वस्तू लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात काही तास ठेवा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवा आणि तेल लावा. स्प्रिंगा, रीमरची पाती, मापायची हत्यारे त्यात कधीही बुडवू नका : ॲसिडमधून हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. ग्राइंडर, एमरी पेपर आणि नवे क्रोम यांपासून दूर राहा. क्रोम केलेल्या जुन्या पान्याला जाणकार हात लावत नाही, कारण खाली काय झाकले आहे ते कळत नाही.

पावसाळ्यात मायक्रोमीटरची टोके एकमेकांना टेकवून ठेवू नका, केसभर फट ठेवा. टेकलेल्या तोंडात ओल धरते आणि तिथेच डाग पडतो. टक् रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर सोडून ठेवा.

विकायला काढाल तेव्हा प्रत्येक वस्तूचा फोटो काचेच्या तुकड्याशेजारी व्हर्नियर लावून घ्या, ठशाचा फोटो वेगळा, आणि खाली लिहा : तोंडाचे किंवा थ्रेडचे मोजलेले माप, काय हरवले आहे, कोणत्या बेअरिंगवर काय आकडा आला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, बुलेटवाला, क्रँक घासणारा हे तिघे वेगवेगळे गिऱ्हाईक आहेत. एकाच ढिगातून तिघांना निवडायला लावण्यापेक्षा तीन ढीग करून तिघांकडे न्या. उरलेले अटालेवाल्याला द्या, पण देण्याआधी तळाची पिनांची पुडी पुन्हा एकदा उघडून पाहा.